उचलीवर घेतलेली चित्रे

रस्त्यावरच्या छायाचित्रणाची चर्चा निघाली, की ‘निर्णायक क्षण’ हा शब्दप्रयोग ठरल्यासारखा पुढे येतो. तो आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराच्या नावावर जमा आहे. पण आपल्या पुस्तकास त्याने दिलेले नाव ते नव्हे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. १९५२ साली ते पुस्तक पॅरिसमध्ये निघाले, तेव्हा त्याचे नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे होते. ‘आ ला सोव्हेत’ हा तिकडचा बाजारी वाक्प्रचार. परवान्यावाचून रस्त्यावर माल मांडणारा आणि शिपाई दिसताच चादरीची चार टोके एकत्र करून पळ काढणारा फेरीवाला ज्या रीतीने विकतो, ती रीत म्हणजे ‘आ ला सोव्हेत’. अमेरिकन प्रकाशकास हे नाव इंग्रजीत आणता येण्याजोगे वाटले नाही. पुस्तकाच्या आरंभी कार्डिनल द रेत्झचे एक वचन होते. त्यातून ‘निर्णायक क्षण’ काढला गेला, आणि जगभर तोच रूढ झाला. भाषांतराने एका कलेचे तत्त्वज्ञानच पालटून टाकावे, याचे इतके ठळक उदाहरण विरळा. फेरीवाल्याच्या जागी तत्त्ववेत्ता येऊन बसला.

आम्हांस फेरीवालाच अधिक खरा वाटतो. मात्र त्याच्यात आणि छायाचित्रकारात एक भेद आहे. फेरीवाला पळतो, तो आपला माल घेऊन पळतो. छायाचित्रकार पळतो, तो दुसऱ्याचा. समोरच्या माणसाची मुद्रा, त्याची लकब, त्याच्या कामातला एक क्षण हा त्याने घेतलेला असतो, आणि त्याबद्दल त्या घटकेला तरी काही दिलेले नसते.

ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध आला आहे, त्यांस ‘उचल’ म्हणजे काय हे सांगणे नलगे. दौऱ्यावर निघण्यापूर्वी रक्कम हाती येते. परतल्यावर बिल सादर करून तिचा हिशेब पुरा करावा लागतो. तोवर ती रक्कम नावावर उभी राहते. रस्त्यावरच्या माणसाचे न विचारता घेतलेले चित्र ही अशीच एक उचल होय. तिचा हिशेब कोठे पुरा झाला आणि कोठे नुसता उभा राहिला, हे पाहिल्यावाचून अशा चित्राचे मोल ठरत नाही, असे आमचे मत आहे. आणि हे मत नीतिशास्त्राचे नसून रसविचाराचे आहे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. फेडलेली उचल चित्रात दिसते. न फेडलेलीही दिसते.

फिल्मच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. मोबाइलवर चित्र काढणारा मनुष्य दुसऱ्या क्षणी ते समोरच्यास दाखवू शकतो. त्याने नको म्हटल्यास पुसूनही टाकू शकतो. फिल्मवर यांतले काहीच शक्य नाही. प्रकाश पडला, की चांदीच्या क्षारांत एक सुप्त प्रतिमा तयार होते. ती रसायनांत धुऊन निघेपर्यंत ना छायाचित्रकारास दिसते, ना ज्याचे चित्र त्यास. मध्ये दिवस जातात, कधी महिने जातात. आमच्या रायपुरात तर उन्हाळ्यात नळाचे पाणीच इतके तापलेले असते, की वीस अंशांवर ठेवावयाच्या डेव्हलपरसाठी बर्फ आणावा लागतो. तो त्रास नको म्हणून मे महिन्यातले रोल पावसाची वाट पाहत कपाटात पडून राहतात. छत्तीस चित्रांच्या रोलाची किंमत, तो धुण्याची किंमत, आणि कारकुनाचा पगार, यांचा मेळ घालू जाता प्रत्येक खटक्याला वजन येते. पूर्वी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या केंद्र सरकारच्या कारखान्यातून निघणारी ‘इंदू’ फिल्म तरी होती. १९६० साली स्थापन झालेला तो कारखाना केव्हाच बंद पडला.

असे असूनही गेल्या काही वर्षांत तरुण मंडळी पुन्हा फिल्मकडे वळली आहेत. कारण विचारले, तर ती चित्रातल्या दाण्याविषयी बोलतात, जुन्या काळच्या रंगांविषयी हळवी होतात. हा हळवेपणा आम्हांस पटत नाही. दाणा काय, आता यंत्रानेही पेरता येतो. फिल्मचा खरा गुण तिच्या विलंबात आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्य घालविलेला गॅरी विनोग्रँड आपले रोल मुद्दाम लवकर धूत नसे. वर्ष वर्ष थांबे. चित्र घेताना मनास जी उभारी आली होती, तिचे श्रेय चित्राच्या पदरी पडू नये, हा त्याचा हेतू. टीकाकारास याहून चांगला धडा मिळणे कठीण! पण हाच विनोग्रँड १९८४ साली वारला, तेव्हा त्याच्यामागे न धुतलेले अडीच हजारांच्या आसपास रोल निघाले. विलंब हा विवेक कोठवर असतो आणि थकबाकी कोठे होतो, याची सीमारेषा त्याच्याच कपाटातून गेलेली आहे.

हा सारा विचार मनात घोळावयास निमित्त झाले ते आमच्या चौघा स्नेह्यांच्या मुंबईच्या दोन वाऱ्यांचे. एक बँकेत, एक महाविद्यालयात, एक वडिलांच्या दुकानात, आणि चौथे आम्ही. हावडा–मुंबई मेलने जावयाचे, चार-पाच दिवस रस्ते तुडवावयाचे, आणि धुतलेले रोल घेऊन पुढे कित्येक रविवार वाद घालावयाचा, असा हा क्रम. दोन वाऱ्यांत मिळून वीस रोल झाले, म्हणजे सातशेवीस चित्रे. त्यांतली चौघांच्या एकमताने ठेवलेली चित्रे नऊ आहेत.

मुंबईच का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे: या शहरास छायाचित्राची सवय फार जुनी आहे. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या कामात होते, आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या वर्गात शिकून हरिश्चंद्र चिंतामण यांनी स्वतःचा धंदा मांडला. मात्र त्या काळची चित्रे रस्त्याची नव्हेत. विल्यम जॉन्सनने १८६३ व १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींवर जे दोन खंड काढले, त्यांत गंमत अशी, की माणसांची चित्रे एकीकडे घेतलेली आणि पाठीमागचे देखावे दुसरीकडचे. दोन्हींची सांगड मागाहून घातलेली. मनुष्य त्याच्या जागेवरून उचलावयाचा आणि आपल्या सोयीच्या पडद्यापुढे उभा करावयाचा. रस्त्यावरच्या छायाचित्राने केलेली मोठी सुधारणा हीच, की माणसास त्याची जागा परत मिळाली. ज्या चित्रात ती मिळत नाही, ते चित्र भर रस्त्यात घेतलेले असले तरी जॉन्सनच्याच वंशातले समजावे.

रघुबीर सिंह यांचे ‘बाँबे : गेटवे ऑफ इंडिया’ हे १९९४ चे पुस्तक या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. जयपूरचा हा तरुण १९६६ साली कार्तिए-ब्रेसाँला आपल्या गावात काम करताना पाहतो, त्याच्याकडून छोट्या कॅमेऱ्याची चपळाई घेतो, आणि त्याचा काळापांढरा रंगपट मात्र साफ नाकारतो. भारतीय दृष्टी रंगावाचून पाहूच शकत नाही, काळ्यापांढऱ्यातली ती अपराधाची आणि एकटेपणाची छाया पाश्चात्त्य मनाची आहे, असा त्यांचा दावा होता. दावा अतिरेकी आहे. पण चित्रे थोर आहेत. मुंबईच्या चित्रांत ते दुकानांच्या काचा, आरसे, दारे यांनी चौकट चिरून टाकतात. आतला गिऱ्हाईक आणि बाहेरचा वाटसरू एकाच पृष्ठभागावर येतात, एकमेकांस न पाहता. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची जी त्रयी सांगितली, तिच्यातील विरोधाचे आणि समतोलाचे इतके नेमके दृश्य उदाहरण आम्हांस अन्यत्र क्वचितच भेटले आहे. चौकटीत दहा माणसे असली, तर दहाही जणांचे काही ना काही चाललेले असते. कोणी कोणाची पार्श्वभूमी नसते. मागितल्यावाचून घेतलेल्या चित्राची परतफेड करण्याची ही एक रीत झाली: प्रत्येकास त्याचे काम चित्रातही करू देणे.

जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवू. रघुबीर सिंह ज्या कोडाक्रोमवर काम करीत, ती फिल्म घरी धुता येत नसे. तिला खास प्रयोगशाळा लागे. २००९ साली तिचे उत्पादन थांबले आणि २०१० च्या अखेरीस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावची शेवटची प्रयोगशाळाही ते काम करीनाशी झाली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरीकडे गेला. त्याच्या छत्तीस चित्रांपैकी काही मुंबईत खर्ची पडली, पण ती रस्त्यावर नव्हे, सिनेनटांवर. ज्या फिल्मने मुंबईच्या पदपथाला रंग दिला, तिच्या शेवटच्या रोलात पदपथास जागा मिळू नये!

केतकी शेठ यांचे ‘बाँबे मिक्स’ (२००७) याच्या अगदी उलट, काळ्यापांढऱ्यात आहे. रघुबीर सिंह यांचे मार्गदर्शन लाभलेल्या या बाईंनी गुरूचा मुख्य सिद्धान्तच बाजूस ठेवला, हे आम्हांस त्यांच्या स्वतंत्र बुद्धीचे लक्षण वाटते. त्यांची मुंबई अधिक जवळून पाहिलेली, घरातल्या माणसाने पाहावी तशी, किंचित मिस्कील. रघुबीर सिंह यांचे चित्र पाहून आपण ‘वा’ म्हणतो. शेठ यांच्या चित्रातील माणसाचे पुढे काय झाले असेल, याचा विचार करीत बसतो. श्रेष्ठकनिष्ठतेचा निवाडा येथे करावयाचा नाही, परंतु उचलीच्या हिशेबात दुसरी प्रतिक्रिया अधिक जमेची आहे.

आणि तिसरे सुधारक ओलवे. अकोल्याकडचा हा मराठी छायाचित्रकार. २०१६ साली पद्मश्रीने गौरविलेला. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांची काळीपांढरी चित्रे रस्त्यावरची खरी. पण कोणी म्हणेल की हे रस्त्यावरचे छायाचित्रण नव्हे, कारण येथे पळून जाणे नाही. ओलवे त्या माणसांबरोबर गटारापर्यंत गेले, त्यांच्या घरांपर्यंत गेले, आणि पुन्हा पुन्हा गेले. आमच्या मते ही हरकत म्हणजेच त्या चित्रांची प्रशस्ती आहे. कचऱ्याच्या ढिगात कमरेएवढा उभा असलेला मनुष्य कॅमेऱ्याकडे पाहतो, तेव्हा त्याच्या नजरेत दचकणे नसते, ओळख असते. निर्णायक क्षणाच्या उपासकांना हे पचत नाही. त्यांस दचकलेली नजरच हवी असते, कारण तीत त्यांच्या चपळाईचा पुरावा असतो. अरुण कोलटकरांना काळा घोड्याचा तो पदपथ दिसला, तो वेसाइड इनमधल्या नेहमीच्या टेबलावरून. तेथे बसून बसून दिसला. ज्या जागेहून उठून जाण्याची घाई नाही, तेथून जे दिसते, ते पळणाऱ्यास दिसत नाही.

आता मित्रमंडळींच्या सोबतीविषयी. घोळक्याने चित्रे काढावयास निघण्याची आजकाल मोठी हौस आहे. शहरोशहरी रविवारी सकाळी अशा फेऱ्या निघतात. सोबतीने धीर येतो हे खरे. न्यूयॉर्कात १९६० नंतरच्या काही वर्षांत विनोग्रँड आणि जोएल मेयरोविट्झ हे दोघे फिफ्थ अॅव्हेन्यूवर मिळून हिंडत. दोघांची चित्रे मात्र निराळी राहिली. पण दोघांचे चौघे झाले, की रस्त्याचे गणित बदलते. चौघांच्या कॉन्टॅक्ट शीट एकाशेजारी एक ठेवल्या, म्हणजे ते उघड दिसते. पहिल्या वारीत पहाटे दादरच्या फुलबाजारात घेतलेली चित्रे पाहा. झेंडूच्या ढिगामागे बसलेली एक पोक्त बाई चौघांच्या फिल्मांवर मिळून अकरा वेळा आली आहे. त्या अकरांपैकी एकाही चित्रात ती फुले विकीत नाही. प्रत्येक चित्रात ती दुसऱ्याच कोणत्या तरी कॅमेऱ्याकडे पाहत आहे. चार कॅमेरे एकत्र आले, की बाजार बाजार राहत नाही, तो प्रेक्षक होतो.

त्याच सकाळी आमचा बँकेतला मित्र घोळक्यातून बाजूस होऊन पुलाच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर तासभर बसला. कॅमेरा तीन मीटरांवर बेतलेला, छिद्र आठावर. पस्तीस मिलिमीटरच्या भिंगाने तेवढ्यात दोन मीटरांपासून सात मीटरांपर्यंतचे सारे नीट उमटते, डोळा लावण्याचीही गरज पडत नाही. आरंभी लोकांनी त्याच्याकडे पाहिले, मग तो पायरीचाच भाग झाला. आमच्या नऊ चित्रांतली चार त्या पायरीवरची आहेत. म्हणजे रस्त्यावर सोबतीचा उपयोग नाही असेच म्हणावयाचे काय? तसेही नव्हे. सोबतीचा उपयोग पुढे, टेबलाशी. स्वतःच्या चित्रावर लाल पेन्सिलीची फुली मारवत नाही. मित्राच्या हातून ती सहज मारली जाते. त्या बाईच्या अकरा चित्रांवर सर्वांत आधी फुली मारणारा आमचा प्राध्यापक मित्र, त्याला ती बाई आठवतही नव्हती. ज्यास आठवण नाही, तोच खरा वाचक.

परंतु ती बाई आम्हांस विसरली नव्हती. पहिल्याच दिवशी तिने हाक मारून विचारले होते, “फोटो काढता, मग दाखवा की.” फिल्म आहे, आता दिसत नाही, धुवावी लागते, असे तिला सांगितले. “म्हंजे काढलाच नाय,” असे म्हणून ती हसली. आमची हिंदीच्या वळणाची मराठी ऐकून तिने गाव विचारले. रायपुरात मराठी माणसे राहतात, याचे तिला नवल वाटले. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि आमचा तात्यापारा त्याच काळाची खूण सांगतो, हे तिला सांगण्याची ती वेळ नव्हती. पण भाषेने एक परवाना दिला, एवढे निश्चित. आणि परवान्याबरोबर देणेही आले. परक्या भाषेत विचारणाऱ्यास तिने बहुधा हातानेच वारले असते. मराठीत बोलणाऱ्याकडून तिने फोटोची अपेक्षा ठेवली.

दुसऱ्या वारीत तिच्यासाठी एक प्रत नेली होती. फुली मारलेल्या अकरांपैकीच, त्यातल्या त्यात बरी. तिने ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि स्वतःच्या चेहऱ्याविषयी एक अक्षर न बोलता ढिगांवर बोट ठेवून विचारले, “यातला पिवळा कुठला आन् भगवा कुठला?” काळ्यापांढऱ्या फिल्मवर दोन्ही ढीग एकाच राखी रंगाचे उमटले होते. जिची सारी पहाट पिवळा आणि भगवा यांच्या भावातल्या फरकावर चालते, तिने चित्रावर केलेली ही टीका आम्हांस रघुबीर सिंहांच्या सगळ्या युक्तिवादाहून भारी वाटते. कारण तीत भारतीय मन आणि पाश्चात्त्य मन यांची भानगड नाही. तिचा माल चित्रात ओळखू येत नाही, एवढीच तक्रार आहे. काळ्यापांढऱ्याचा अभिमानी असलेला आमचा दुकानदार मित्र परतीच्या गाडीत नागपूर येईपर्यंत यावर बोलत होता. त्याचे म्हणणे असे, की चित्र हे भावफलक नव्हे. तेही खरे.

तेव्हापासून आम्ही रायपुरातही कॅमेरे बाहेर काढू लागलो आहो, आणि मोठ्या शहराचे आकर्षण खरोखर कशात असते, ते येथे कळते. मुंबईत कोणी ओळखीचे नसते. चित्र घेतले, की गर्दीत नाहीसे होता येते. गोलबाजारात ते जमत नाही. बांगड्यांच्या दुकानदारास आपण कोणाचे चिरंजीव ते ठाऊक असते. मालवीय रोडवर पायरीवर तासभर बसलात, तर घरी निरोप आधी पोहोचतो. बूढातालाबाच्या काठी सकाळी फिरणाऱ्यांतले निम्मे कचेरीतले निघतात. येथे पळून जाण्याची सोयच नसल्यामुळे चित्रे कमी निघतात, आणि जी निघतात ती सावकाश निघतात. एका रोलास येथे दोन-दोन महिने लागतात. उन्हाळ्यातले तात्यापाऱ्यातील ओटे, सदरबाजारच्या सराफी पेढ्यांवरची दुपारची झोप, जयस्तंभ चौकातली संध्याकाळ, हे सारे कोणी नीट टिपलेले आम्ही पाहिलेले नाही. आणि जुनी घरे ज्या वेगाने पाडली जात आहेत, तो पाहता फार दिवस थांबून चालणार नाही.

या रायपुरी रोलांतले एक चित्र आमच्या नऊ मुंबईकर चित्रांहून निःसंशय सरस आहे. जुन्या घराच्या ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ उघड्या अंगाने निजलेले. पायाशी वर्तमानपत्र, दाराच्या काळोखात उभ्या असलेल्या सुनेचा फक्त हात दिसतो, आणि त्या हातात पाण्याचा तांब्या. तिने त्यांना उठवावे की नाही, हे ठरविण्याचा तो क्षण. चौकटीत सगळे आहे: घर, वय, ऊन, मर्यादा. प्राध्यापक मित्राने ते घेतले, आणि आपण होऊन त्याची प्रत त्या घरी नेऊन दिली. घरच्यांनी चहा पाजला, चित्राचे कौतुक केले, आणि ते कोठे लावू नये, छापू नये, असे हात जोडून सांगितले. आजोबांस अशा वेशात चार लोकांनी पाहावे, हे त्यांस रुचले नाही. सुनेने मात्र प्रत ठेवून घेतली.

येत्या गणेशोत्सवात आमची काही चित्रे मांडावयाची आहेत, त्यांत हे असावे की नसावे, यावर तीन रविवार गेले. चेहरा अर्धा झाकलेला आहे, ओळखू येणार नाही, असे दुकानदार मित्राचे म्हणणे. घेणाऱ्याचेही मन आतून त्याच बाजूचे आहे. आमचे आणि बँकेतल्या मित्राचे मत, की निगेटिव्ह पाकिटातच राहावी. दोन विरुद्ध दोन. पुढल्या रविवारी पुन्हा बसावयाचे आहे.